शेजारची सीट

मास्तरांनी आजवर किती जणांना गाडी शिकवली याचा हिशेब खुद्द त्यांच्याकडेही नव्हता. पण शहरात एखादा माणूस रिकाम्या रस्त्यावरसुद्धा वळण्याआधी तीनदा आरशात बघताना दिसला, की लोक म्हणत, हा मास्तरांच्या हाताखालून गेलेला. पंचवीसेक वर्षं त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चाललं होतं. स्कूल म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि एक गाडी. गाडीच्या टपावर पाटी आणि शेजारच्या सीटच्या पायाशी जादा बसवून घेतलेला ब्रेक आणि क्लच. ही जादाची पेडलं हेच मास्तरांचं खरं भांडवल. शिकणारा घाबरला, गोंधळला, समोर कुत्रं आडवं आलं, की मास्तरांचा उजवा पाय मास्तरांना न विचारता खाली जायचा आणि गाडी जागच्या जागी उभी राहायची.

हा पाय पुढेपुढे फार शेफारला. गाडीबाहेरही काम करायला लागला. टीव्हीवर पाठलाग चालू असला की मास्तर सोफ्यात बसून ब्रेक दाबत. लिफ्ट खाली निघाली की दाबत. झोपेतही दाबत, आणि तो दाब बायकोच्या पोटरीवर बसे. "स्वप्नात कोण एवढं वाईट चालवतंय?" ती अंधारातच विचारी आणि कूस बदलून भिंतीकडे सरके. सगळे विद्यार्थी तिला वहिनी म्हणत. आपणही वहिनीच म्हणू, दुसरं काही म्हटलेलं तिला आता ओळखूही येत नाही.

आता एक गोष्ट अशी होती, की ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालली होती आणि तरी कुणाच्या ध्यानात आली नव्हती. मास्तर स्वतः गाडी चालवत नसत. गरजच पडत नसे. भाजी आणायची असली की सकाळच्या विद्यार्थ्याला ते म्हणत, "आज गर्दीतलं पार्किंग बघू." चढावर गाडी कशी धरायची हा धडा नेहमी डोळ्यांच्या दवाखान्याजवळ होई, आणि रिव्हर्सची खरी परीक्षा इस्त्रीवाल्याच्या बोळात. त्यांच्या मुलीच्या जन्माच्या वेळीसुद्धा वहिनींना इस्पितळात नेलं ते एका बँकेतल्या कारकुनानं. त्याचा तिसराच दिवस होता. वहिनी मागे कण्हत होत्या आणि पुढे मास्तर त्याला शांतपणे सांगत होते, "घाई नको. आरसा बघा. आता हळूच दुसरा गियर." मुलगी वाटेत झाली नाही, हे तिचंच कर्तृत्व.

वहिनी कायम मागे. पुढच्या दोन्ही सीट कामाच्या, एकीवर शिकणारा आणि दुसरीवर मास्तर. मागे वहिनी, पिशव्या आणि छत्री. लग्नाला जाताना मागे, मयताला जाताना मागे, सिनेमाला जाताना मागे आणि पोहोचेपर्यंत अर्धा सिनेमा संपलेला.

मग मास्तरांचे गुडघे बोलायला लागले. स्कूल भाच्याला द्यायचं ठरलं. पाटी, टेबल, खुर्ची त्याची. गाडी जुनी झाली होती, ती मास्तरांकडेच राहणार होती. सगळं सुरळीत ठरलं, आणि त्या रात्री कपड्यांच्या घड्या घालता घालता वहिनी म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात ताईकडे जाऊ या. तुम्ही गाडी चालवायची. मी पुढे बसणार. शिकणारं कुणी नको."

ताई म्हणजे वहिनींची थोरली बहीण. तिचं गाव गाडीनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर.

"एवढ्या लांब बसच बरी पडते," मास्तर म्हणाले.

"मग मी बसनं जाते. ताई कधीची राहायला बोलावतेय. परतीचं काही मी ठरवणार नाही."

एवढं बोलून त्यांनी पुढच्या शर्टाची कॉलर सरळ केली. वहिनींचा आरडाओरडा ते कधीच मनावर घेत नसत, तो वाऱ्यासारखा येई आणि जाई. पण त्या शांतपणे बोलल्या की ती काळ्या दगडावरची रेघ. एकदा त्यांनी अशाच आवाजात सांगितलं होतं, की तुमच्या धाकट्या भावाला मी पुन्हा घरात घेणार नाही. भाऊ अजूनही फाटकात उभा राहून बोलतो.

तेव्हा प्रश्न एवढाच होता, की मास्तर बायकोला शेजारी बसवून गाडी चालवणार की बायको बसनं निघून जाणार. तुम्ही म्हणाल, यात कसला प्रश्न? ज्यानं अर्ध्या शहराला गाडी शिकवली त्याला काय जड आहे? जड होतं. मास्तरांना स्टिअरिंगमागे बसायची भीती वाटत होती. एकदा त्यांनी प्रयत्न केला होता आणि त्यातून जे झालं ते पुढे येईलच. तेव्हापासून त्यांनी या भीतीचा कुणाला पत्ता लागू दिला नव्हता, म्हणजे निदान त्यांची तशी समजूत होती.

आता डॉक्टरीणबाई. या दातांच्या डॉक्टर आणि मास्तरांच्या शेवटच्या विद्यार्थिनी. लोकांच्या जबड्यात सुई घालताना त्यांचा हात हलत नसे, पण रिव्हर्स गियर टाकताना त्या घामानं भिजत. परीक्षेत तीनदा नापास झाल्या होत्या. वहिनी दाढ दाखवायला गेल्या तेव्हा त्यांच्या दवाखान्यातल्या टीव्हीवर एक जाहिरात लागली होती: एक दिवस स्पोर्ट्स कार स्वतः चालवा, ट्रॅकवर, सोबत इन्स्ट्रक्टर. तोंडात कापूस असतानाच वहिनींनी बोट दाखवलं आणि डॉक्टरीणबाईंना कळलं. दोघींनी मिळून बुकिंग करून टाकलं आणि मास्तरांना वाढदिवसाची भेट म्हणून सांगितलं. वाढदिवस होऊन बरेच महिने झाले होते. पण बायकोनं दिलेली भेट परत कशी करतात हे काही मास्तरांना ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी ट्रॅकवर ते कसे गेले, हे सांगायला नकोच. डॉक्टरीणबाई चालवत होत्या, मास्तर शेजारी, वहिनी मागे. "आजचा धडा हायवे," मास्तर म्हणाले. हायवेवर डॉक्टरीणबाई इतक्या हळू चालल्या, की एका सायकलवाल्यानं शेजारी येऊन काही मदत हवी का असं विचारलं.

ट्रॅक म्हणजे ओसाड माळावर घातलेला काळ्या डांबराचा वाकडातिकडा पट्टा, त्याच्या कडेनं लाल-पांढरे दगड, आणि एक पत्र्याची शेड. शेडमध्ये हेल्मेटांची रांग. मास्तरांचं डोकं मोठं होतं. पहिलं हेल्मेट कानापर्यंत आलं आणि तिथंच अडलं. दुसरं आत गेलं, पण बाहेर येईना. शेवटी इन्स्ट्रक्टर आली आणि तिनं दोन्ही बाजू धरून ते सरळ केलं. ती तिशीतली मुलगी होती, केस बारीक कापलेली, आवाज मात्र भरदार.

"या काका," ती म्हणाली. "आज मी तुमच्यासोबत. आधी कधी गाडी चालवलीय ना?"

मास्तरांनी हेल्मेटातून काहीतरी उत्तर दिलं. ते काय होतं हे हेल्मेटालाच माहीत.

गाडी पिवळी होती आणि इतकी बुटकी, की तिच्यात बसायचं नसून उतरायचं होतं. मास्तरांनी आधी तिला एक प्रदक्षिणा घातली, चारही टायरांवर लाथ मारून बघितली, काच रुमालानं पुसली. मग दार उघडलं, एक पाय, मग बूड, मग दुसरा पाय असे टप्प्याटप्प्यानं आत गेले, पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हं. सुरू करा."

इन्स्ट्रक्टर बाहेरच उभी होती. तिनं वाकून आत बघितलं.

"काका, चालवणार तुम्ही ना? मग तुम्ही माझ्या सीटवर काय करताय?"

मास्तरांनी समोर बघितलं. स्टिअरिंग नव्हतं. कुंपणाच्या तारेमागे उभ्या असलेल्या वहिनींनी तोंडावर पदर घेतला, आणि तो हसण्यासाठी होता की दुसऱ्या कशासाठी हे मास्तरांना एवढ्या लांबून दिसलं नाही. ते आले तसेच टप्प्याटप्प्यानं बाहेर पडले आणि गाडीला वळसा घालून गेले.

पहिली फेरी सुरू झाली. शेडमधून ट्रॅकवर येताना मास्तरांनी इंडिकेटर दिला. मग काच खाली करून हातही दाखवला.

"काका, इथं मागून कुणी येत नाहीये."

"येत नाही असं समजूनच लोक इस्पितळात जातात," मास्तर म्हणाले आणि पुन्हा आरशात बघितलं.

ट्रॅकच्या आतल्या बाजूला एक माणूस छोट्या ट्रॅक्टरवर बसून गवत कापत होता. तो त्यांच्या बरोबरीनं आला, थोडा वेळ बरोबरीनं चालला, आणि पुढे निघून गेला. पिवळ्या गाडीचं इंजिन मागून गुरगुरत होतं. बांधून ठेवलेल्या धिप्पाड कुत्र्याला शेळीमागे फिरवावं तसं तिचं चाललं होतं.

"आता समोर लांब सरळ रस्ता आहे," इन्स्ट्रक्टर म्हणाली. तिचे दोन्ही तळहात गुडघ्यांवर पालथे होते. "घाबरू नका. पाय दाबा. मी सांगते तेव्हा सोडा."

मास्तरांनी पाय दाबला. गाडीनं त्यांना पाठीत असा काही धक्का दिला, की पंचवीस वर्षांचा पोक एका क्षणात सरळ झाला. माळ दोन्ही बाजूंनी पातळ होऊन मागे वाहायला लागला. खोटं कशाला सांगा, मास्तरांना मजा वाटली. पोटातून एक हसू वर यायला लागलं आणि ते घशाशी पोचतंय तोच सरळ रस्ता संपला आणि वळण दिसलं.

"ब्रेक," इन्स्ट्रक्टर म्हणाली.

"ब्रेक," मास्तरही म्हणाले.

दोघांचा आवाज एकच होता, शांत, ठाम, समोरच्याला धीर देणारा. सांगून झाल्यावर दोघंही ब्रेक लागण्याची वाट बघत बसले. गाडीत दोन मास्तर होते आणि विद्यार्थी एकही नव्हता. "ब्रेक म्हटलं ना," मास्तर जरा चिडून म्हणाले, आणि त्यानंतर कुठे त्यांच्या लक्षात आलं, की ज्याला आपण रागवतोय तो चालवणारा आपणच.

तोवर लाल-पांढरे दगड खडखडून गेले होते. गाडी वळणाबाहेरच्या खडीत शिरली, स्वतःभोवती अर्धी फिरली, आणि धुळीच्या एका मोठ्या ढगात थांबली. खडी टाकलेली असते ती त्यासाठीच. गाडीला काही झालं नाही, दोघांनाही काही झालं नाही. गवतवाल्यानं ट्रॅक्टर थांबवून हात हलवला.

धूळ हळूहळू खाली बसली.

"काका," मग इन्स्ट्रक्टर म्हणाली, "तुम्ही ब्रेक कुणाला सांगत होतात?"

पण मास्तरांना दुसरंच काहीतरी दिसलं होतं. तिचा उजवा पाय. तो अजून ताणलेला होता, टाच वर, चवडा खाली, आणि खालच्या रबरी चटईवर सगळा भार. त्या जागी चटई झिजून पांढरी पडली होती.

"तुझ्या बाजूला ब्रेक आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग तू काय दाबत होतीस?"

तिनं आपल्या पायाकडे बघितलं, जरा ओशाळली आणि तो मागे घेतला.

"गुडघा दुखतो का?" मास्तरांनी विचारलं.

"हाच. रात्री जास्त. तुम्हाला कसं कळलं?"

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. मास्तरांनी हेल्मेट वर ढकललं आणि खडीत बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. स्कूल, जादाची पेडलं, शेफारलेला पाय, बायको, ताई, बस. मुलीनं मध्येच हसून घेतलं, पण त्यात टवाळी नव्हती.

"तुझ्याकडे ब्रेक नाही," मास्तर शेवटी म्हणाले. "आणि दिवसभर माझ्यासारखी माणसं येतात. भीती नाही वाटत?"

"वाटते की. रोज वाटते. पण काका, माझ्या पायाशी ब्रेक असता ना, तर आज मी तुम्हाला तिसऱ्या गियरच्या पुढे जाऊच दिलं नसतं. कुणालाच नसतं दिलं. आणि एक सांगू? तुम्हाला चालवता येतं. तुम्ही फक्त बोलता फार. जो बोलतो त्याला वाटतं, करणारा कुणीतरी दुसरा आहे. पुढच्या फेरीला तोंड बंद ठेवायचं. एक शब्द काढायचा नाही."

इतकी वर्षं बोलून पोट भरलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे माशाला किनाऱ्यावर फिरून ये म्हणण्यासारखं. पण मास्तरांनी ओठ आवळले. गालांचे फुगे झाले, डोळे बाहेर आले, पण आवाज निघाला नाही. वळण आलं. घशाशी आलेला 'ब्रेक' त्यांनी गिळला, आणि तो गिळलेला शब्द जणू थेट पायात उतरला. गाडी हळू झाली, वळली, सरळ झाली. पुढच्या वळणालाही तसंच झालं. तिसऱ्या वळणाला गवतवाल्याला त्यांनी मागे टाकलं आणि त्याच्याकडे बघितलंही नाही.

शेडपाशी उतरले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि चालण्यात जावयाचा रुबाब आला होता. कुंपणाशी वहिनी आणि डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

"नंतरचं बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "पहिल्यांदा मात्र कचराकुंडीसारखंच केलंत."

मास्तरांचा रुबाब जागीच गळाला. कचराकुंडी हाच तो मघाशी सांगायचा राहिलेला प्रसंग. एका संध्याकाळी विद्यार्थ्याला मध्येच उतरावं लागलं, म्हणून मास्तर स्वतः गाडी घेऊन निघाले आणि आपल्याच गल्लीत गाडी मागे घेताना "ब्रेक" म्हणून वाट बघत बसले. मागे कचराकुंडी होती. बंपरला पोचा आला आणि घरी त्यांनी सांगितलं, की डॉक्टरीणबाईंनी ठोकली.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"मी गच्चीत कपडे काढत होते. सगळं बघितलं. उतरून कुंडीची माफी मागितलीत तेही बघितलं."

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो पोचा माझा नव्हता?"

वहिनींनी मास्तरांकडे बोट दाखवलं.

"मास्तर, त्या पोच्यामुळे मी रिव्हर्सला घाबरते. तुम्हीच म्हणालात, बाई, मागे घेताना तुम्हाला कळलंसुद्धा नाही."

मास्तर मूग गिळून उभे राहिले. तोंड बंद ठेवण्याचा सराव नुकताच झालेला होता, तो कामी आला. डॉक्टरीणबाई काही वेळ लालबुंद झाल्या आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, कारण आपण आजवर कशालाही धडकलेलो नाही हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

एवढ्यात इन्स्ट्रक्टर दुसरं हेल्मेट घेऊन आली. तिकिटात सोबत आलेल्या एका माणसासाठी एक फेरी होती, तिच्या शेजारी बसून, ती चालवणार. "काकू, तुम्ही येताय ना?"

वहिनींनी मास्तरांकडे बघितलंही नाही. पदर खोचला, हेल्मेट पहिल्या झटक्यात घातलं आणि त्या पिवळ्या गाडीत अशा सहज उतरल्या, जशा रोज त्यातूनच भाजीला जात असाव्यात. दार लागलं आणि गाडी सुटली.

मास्तर कुंपणाची तार धरून उभे राहिले. मघाशी आपण चालवत होतो ती हीच गाडी यावर त्यांचा विश्वास बसेना. ती लांबच्या वळणावर आडवी होऊन घसरत गेली, टायर किंचाळले, आणि मास्तरांचा पाय कुंपणाखालच्या मातीत रुतला. मग ती समोरून गेली. अगदी क्षणभर त्यांना काचेतून वहिनी दिसल्या. त्या घाबरल्या नव्हत्या. त्या डॅशबोर्डकडे झुकून, दोन्ही हात पुढे टेकवून समोर बघत होत्या, आणि तोंड उघडं होतं.

आपली बायको गाडीत पुढे बसल्यावर कशी दिसते हे मास्तरांनी त्या दिवसापर्यंत बघितलेलं नव्हतं. आणि आज बघितलं तेही तारेच्या अलीकडून. शेजारी भलतंच कुणी चालवत होतं. त्यांना इतका मत्सर वाटला, की आधी तो कसला आहे हेच कळेना. लाजही वाटली. शहरातल्या निम्म्या परक्या माणसांशेजारी ते तासन्‌तास बसले होते.

गाडी थांबली. वहिनी उतरल्या, हेल्मेट काढलं. केस विसकटले होते, टिकली कपाळाच्या एका टोकाला गेली होती. मास्तरांना वाटलं, आता वेगाबद्दल काही बोलेल, पोटात काय झालं ते सांगेल. पण वेगाचं त्यांना काहीच वाटलेलं दिसत नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "पुढून रस्ता केवढा दिसतो."

बस, एवढंच. तक्रारीचा सूर नव्हता, टोमणा नव्हता. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. मागून त्यांना काय दिसत होतं हे मास्तरांनी मनात मोजून बघितलं. दोन सीटच्या पाठी आणि त्यांच्यामध्ये वीतभर काच. पंचवीस वर्षं, वीतभर काच. मास्तरांना रडू फुटेल असं वाटलं, म्हणून ते खोकले.

"काका, तुमच्या दोन फेऱ्या बाकी आहेत," इन्स्ट्रक्टरनं हाक मारली.

"राहू देत," मास्तर म्हणाले. "गुडघा सांभाळ, पोरी. रात्री गरम पाण्याची पिशवी ठेव." आणि डॉक्टरीणबाईंपुढे हात करून म्हणाले, "किल्ली द्या."

"परत जातानाचा धडा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तुम्ही मागे बसायचं, हाच."

त्यांच्या जुन्या गाडीत वहिनी पुढे बसल्या. बसल्याबरोबर खाली बघून म्हणाल्या, "हे काय मध्ये?"

"ब्रेक आहे. तुझ्याही बाजूला आहे. भीती वाटली तर दाब."

वहिनींनी चपला काढल्या, त्या पेडलांवर ठेवल्या, पाय आवळून सीटपाशी घेतले आणि पट्टा लावला. मास्तर दोन क्षण त्या चपलांकडे बघत राहिले. मग त्यांनी ओठ आवळले, गाल फुगवले आणि गाडी सुरू केली.

पहिला थोडा वेळ फार कठीण गेला. वहिनी सगळं मोठ्यानं बघत होत्या. तो बघा पूल, ती बघा शेळ्यांची रांग, अहो, हे झाड इतकी वर्षं इथंच होतं का? मास्तर उत्तर देत नव्हते, नुसती मान हलवत होते. मागून डॉक्टरीणबाई सूचना करायला लागल्या. इतकी वर्षं, म्हणजे त्यांची तीन नापासांची वर्षं, ऐकलेलं सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

"मास्तर, आरसा बघा. मास्तर, अंतर ठेवा. आता हळूच चौथा." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मास्तर, वहिनी झोपल्या."

मास्तरांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. खरंच झोपल्या होत्या. ज्या सीटसाठी इतकी वर्षं वाट बघितली, ज्या रस्त्यासाठी परतीचं तिकीट न काढण्याची धमकी दिली, तो सगळा रस्ता समोर मोकळा पसरला होता, आणि वहिनींची मान काचेला टेकून तोंड किंचित उघडं पडलं होतं. मागच्या सीटवर त्या कधी झोपल्याचं मास्तरांना आठवेना. मागे त्या कायम जाग्या असत, पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून. तिसऱ्या दिवशीचे, चौथ्या दिवशीचे, नापास होणारे, रडणारे असे किती हात त्यांनी त्या स्टिअरिंगवर बघितले होते.

"उठवू का?" डॉक्टरीणबाई कुजबुजल्या. "त्यांना बघायचं होतं ना."

मास्तरांनी मान हलवली. नको.

त्यानंतर त्यांनी जी गाडी चालवली, तशी कुणी कुणाला शिकवू शकत नाही. खड्डा लांबूनच ओळखला आणि त्याला अलगद चुकवून गेले. सिग्नल लाल होण्याआधीच वेग कमी करत आणले, म्हणजे थांबताना धक्का बसायला नको. मागून हॉर्न वाजवणाऱ्या एका ट्रकवाल्याला त्यांनी इतक्या अजीजीनं हात जोडले, की तो बिचारा गप्प झाला. ट्रॅकवर त्या मुलीनं शिकवलेलं सगळं त्यांनी केलं, फक्त वेग तेवढा घेतला नाही. त्यांचं लक्ष रस्त्यावर कमी आणि शेजारच्या श्वासावर जास्त होतं. मास्तर मनातून खूप सुखात होते, आणि हे सुख आपल्याला इतक्या उशिरा सुचलं याचा त्यांना रागही येत होता.

शहर आलं. चौक आले. त्यांची गल्ली आली, कचराकुंडी आली आणि गेली. मग घराचं फाटक आलं. फाटकाशी धाकटा भाऊ उभा होता, त्यानं हात वर केला.

मास्तरांनी ब्रेक लावला नाही.

"मास्तर," डॉक्टरीणबाई मागून हळूच म्हणाल्या, "घर गेलं."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. माळावरून निघाल्यापासून त्यांनी उच्चारलेले हे पहिले शब्द. "झोप झाली की येऊ परत. तुम्ही पेशंटना उशीर होईल म्हणून फोन करून टाका."